वस्त्रामागील हात

अन्न, वस्त्र आणि निवारा ह्या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत. ह्यांपैकी अन्नाविषयी आपण पुष्कळ चौकशी करतो. भाजी ताजी आहे की शिळी, दूध निर्भेळ आहे की पाणी घातलेले, हे घरातील वडील माणसे बारकाईने पाहतात. घर बांधावयाचे झाले तर जागा कशी आहे, गवंडी कोण आहे, ह्याचा विचार होतो. वस्त्राच्या बाबतीत मात्र आपली चौकशी फार लवकर संपते. रंग डोळ्यांत भरला, माप अंगाला बसले आणि किंमत परवडली की सदरा घरी येतो. त्याच्या गळ्याशी आतल्या बाजूस एक चिमुकली चिठ्ठी शिवलेली असते. तीवर माप असते, कापडाचा प्रकार असतो, तो कसा धुवावा ह्याची सूचना असते. परंतु तो सदरा किती हातांतून आपल्यापर्यंत आला आणि त्या हातांना काय मिळाले, हे त्या चिठ्ठीवर कधी लिहिलेले नसते.

हे हात थोडेथोडके नसतात. विदर्भातल्या एखाद्या शेतात पऱ्हाटीची बोंडे फुटतात, तेव्हा कमरेला ओटी बांधून स्त्रिया कापूस वेचतात. तो कापूस जिनिंग कारखान्यात जातो. तेथे सरकी आणि रुई वेगळी होते. सूतगिरणीत रुईचे सूत होते. सुताला खळ देऊन ते मागावर चढवितात. उभ्या धाग्यांचा ताणा आणि आडव्या धाग्यांचा बाणा एकमेकांत गुंफला जाऊन कापड तयार होते. पुढे ते धुतले जाते, रंगविले जाते, बेतले जाते, शिवले जाते. कोणी काजे करतो, कोणी बटणे लावतो, कोणी लोंबणारे दोरे कापतो, कोणी इस्त्री करतो. जो सदरा आपण एका मिनिटात अंगात चढवितो, त्याच्यामागे अनेक माणसांचे दिवस खर्ची पडलेले असतात.

ह्या सगळ्या माणसांच्या कामाला दिशा देणारा एक मनुष्य असतो. कापड कोणते घ्यावे, रंग कोणता असावा, कापणी कशी करावी, कपडा केव्हा तयार व्हावा आणि किती किमतीस विकावा, ह्याचा आराखडा तो करतो. त्याला वस्त्ररचनाकार म्हणता येईल. आज सर्वत्र त्याला फॅशन डिझायनर म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत असते की, सुंदर चित्रे काढणे एवढेच ह्या मनुष्याचे काम. परंतु त्याच्या पेन्सिलीची एक रेघ दूरच्या गावातील नदीपर्यंत आणि परक्या मुलुखातील शिलाईयंत्रापर्यंत पोहोचते. ती रेघ ओढताना त्या नदीचा आणि त्या यंत्रावर बसलेल्या माणसाचा विचार जो करतो, तो नीतीने वागणारा रचनाकार होय. अशा रचनाकारांची आज जगाला फार गरज आहे. ती का, हे समजण्यासाठी बांगलादेशात घडलेली एक घटना ध्यानात घेतली पाहिजे.

बांगलादेशाची राजधानी ढाका हिच्याजवळ सावर नावाचे गाव आहे. तेथे राणा प्लाझा नावाची आठ मजल्यांची इमारत होती. खालच्या मजल्यांवर दुकाने व बँक, आणि वरच्या मजल्यांवर कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. तेथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतील बाजारांत जात. २३ एप्रिल २०१३ रोजी त्या इमारतीच्या भिंतींना मोठे तडे गेलेले दिसले. बँकेने आपल्या नोकरांना घरी पाठविले. दुकाने बंद झाली. कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर येण्यास सांगण्यात आले. न आल्यास पगार कापला जाईल असा धाक आपणांस घातला होता, असे वाचलेल्या कामगारांनी पुढे सांगितले. २४ एप्रिलच्या सकाळी नऊ वाजण्याच्या सुमारास ती इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे तिच्याखाली मरण पावली आणि सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांमध्ये तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती.

एकाच इमारतीत, एकाच दिवशी, एकच तडा दोघांनी पाहिला. बँकेतील कारकून घरी गेला आणि शिलाईयंत्रावरची मुलगी वर गेली. असे का झाले? इमारतीचा मालक व कारखान्यांचे चालक ह्यांचा दोष तर उघडच आहे. परंतु दोषाचा धागा तेथेच संपत नाही. ह्या धंद्यात कपड्यांचे नवे नवे प्रकार दर काही आठवड्यांनी दुकानांत यावेत अशी चढाओढ असते. माल ठरलेल्या तारखेस पोहोचला नाही तर कारखान्याला दंड भरावा लागतो किंवा पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. समजा, दूरच्या शहरात बसलेल्या रचनाकाराने अखेरच्या घटकेस सदऱ्याचा रंग बदलला. नवा रंग चढविण्यास चार दिवस अधिक लागले. परंतु माल पोहोचविण्याची तारीख तीच राहिली. ते चार दिवस कोठून यावयाचे? ते शिवणाऱ्याच्या झोपेतून काढले जातात. रचनाकाराच्या मनात दुष्ट हेतू नसतो. त्याला ते हात दिसत नाहीत, एवढेच. आणि न दिसणाऱ्या माणसावर अन्याय करणे फार सोपे असते.

ह्या दुर्घटनेने जगाचे डोळे काही अंशी उघडले. मे २०१३ मध्ये कामगारांच्या संघटना आणि कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या ह्यांच्यात इमारतींच्या व अग्नीच्या सुरक्षिततेविषयी एक करार झाला. हा करार पाळणे कायद्याने बंधनकारक होते. पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या आणि बांगलादेशातील कारखान्यांची तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधील कॅरी सोमर्स आणि ओर्सोला दि कास्त्रो ह्या दोन रचनाकार स्त्रियांनी एक चळवळ उभारली. कपडे विकणाऱ्यांना ग्राहकांनी एकच प्रश्न विचारावा, असे त्यांनी सुचविले. तो प्रश्न असा : माझे कपडे कोणी शिवले? प्रश्न लहान मुलालाही विचारता येईल असा आहे. पण तो ऐकून मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या कारखान्यांची नावे जाहीर करावी लागली.

कापड करणाऱ्या माणसाचा विचार करणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत कापडगिरण्या वाढू लागल्या त्या काळी गिरणी कामगारांना आठवड्याची ठरावीक सुटी नसे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करून सरकारी आयोगापुढे मांडला. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कापड विणणारा मनुष्यही मनुष्यच आहे, त्याला विश्रांती हवी, हे लोखंडे ह्यांनी त्या वेळच्या समाजाला पटवून दिले.

माणसाप्रमाणेच नदीचाही विचार करावा लागतो. एक सुती सदरा तयार होईपर्यंत, कापसाच्या शेतीपासूनचा हिशेब धरल्यास, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. त्यातच रंगाचे पाणी कोठे सोडावे हा प्रश्न बिकट असतो. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे शहर बनियन व विणीच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रंगशाळांचे पाणी नोय्यल नदीत जाऊ लागले. शेतीला पाणी मिळावे म्हणून त्या नदीवर ओरत्तुपाळयम येथे बांधलेल्या धरणात शेवटी रंगाचे आणि क्षारांचे पाणी साठले. ते पिकांना देता येईना; विहिरीही बिघडल्या. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरच्या सातशेहून अधिक रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे हजारो मजुरांचा रोजगार एकाएकी गेला. नदी आणि मजूर अशा दोघांनाही आधीच्या निष्काळजीपणाची किंमत द्यावी लागली. पुढे रंगाचे पाणी शुद्ध करून तेच पुन्हा वापरण्याची आणि त्यातील मीठ वेगळे काढण्याची यंत्रणा बसविल्यावर रंगशाळा पुन्हा चालू होऊ लागल्या. ह्या यंत्रणेला खर्च येतो आणि तो खर्च कापडाच्या किमतीत धरावा लागतो. जो रचनाकार केवळ स्वस्त रंगणावळ शोधतो, तो हा खर्च वाचवीत नाही. तो नदीच्या व शेतकऱ्याच्या माथी मारतो.

वनस्पतींपासून काढलेले रंग वापरले की सर्व प्रश्न सुटतात, असेही समजू नये. निळीच्या झाडापासून निळा, मंजिष्ठाच्या मुळांपासून तांबडा, डाळिंबाच्या सालीपासून पिवळट रंग मिळतो, हे खरे. परंतु हे रंग कापडावर पक्के बसावेत म्हणून बहुधा दुसऱ्या एखाद्या द्रव्याची जोड द्यावी लागते. ते द्रव्य तुरटी असेल तर फारसा धोका नाही. क्रोमसारख्या धातूचे क्षार असतील तर वनस्पतीचा रंगही पाणी बिघडवू शकतो. तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकून भुलून न जाता, कशात काय घातले आहे, हे जाणून घेणे हेच रचनाकाराचे कर्तव्य होय.

आता किमतीचा विचार करू. तो एका लहानशा हिशेबाने स्पष्ट होईल. त्यातील आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा, हातमागाच्या कापडाचा एक कुर्ता करावयाचा आहे. सुताला २०० रुपये लागले. रंगाला व रंगविण्याला १०० रुपये. विणकराची मजुरी २५० रुपये. शिंप्याची शिलाई १५० रुपये. एकूण खर्च ७०० रुपये झाला. शेजारचा व्यापारी म्हणतो, ‘‘मला हाच कुर्ता ५५० रुपयांत करून द्या.’’ आता १५० रुपये कोठून कमी करावयाचे? सूत विकणारा कमी करणार नाही; त्याला गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. रंगाचा दुकानदारही करणार नाही. उरले कोण? विणकर आणि शिंपी. त्यांना आज काम हवे असते आणि ‘नाही’ म्हणण्याची त्यांची ऐपत नसते. म्हणून स्वस्ताईची कात्री नेहमी त्यांच्याच मजुरीवर चालते. जेथे विरोध कमी, तेथे कापणी अधिक, असा हा बाजाराचा क्रम आहे. नीतीने वागणारा रचनाकार हा क्रम उलटा करतो. तो मजुरी आधी ठरवितो आणि मग उरलेल्या पैशांत कोणते सूत, किती रंग आणि किती नक्षी बसते ते पाहतो. बचत करावयाची ती तो माणसाच्या पोटावर न करता आपल्या बुद्धीने करतो.

बुद्धीने बचत कशी होते, ह्याचे उदाहरण आपल्या जुन्या वस्त्रांतच आहे. नऊवारी लुगडे किंवा धोतर घ्या. मागावरून उतरलेले कापड जसेच्या तसे नेसता येते. कात्री लावावी लागत नाही, चिंधी वाया जात नाही. जुन्या पद्धतीचा कुर्ता सरळ पट्ट्यांचा व त्रिकोणी कळ्यांचा बेतलेला असतो. एका कळीच्या उलट बाजूस दुसरी कळी बसते आणि सर्व कापड कामी येते. ह्याच्या उलट, आजच्या पुष्कळ कपड्यांच्या कापणीत शेकडा पंधरा भाग कापड कातरणांच्या रूपाने वाया जाते असा सर्वसाधारण अंदाज आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जीर्ण झालेल्या लुगड्याचेही सोने केले. मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरून, बारीक धाव दोऱ्याने त्यांची गोधडी शिवली. शंभर मीटर कापडातील पंधरा मीटर वाचविणारा रचनाकार त्या वाचलेल्या पैशांतून शिंप्याला पुरी मजुरी देऊ शकतो.

उत्तम रचनेने माणसे कशी उभी राहतात, हे पाहावयाचे असेल तर नर्मदेच्या काठी महेश्वरला जावे. मध्य प्रदेशातील हे गाव मराठी माणसाला परके नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर ह्यांनी १७६७ ते १७९५ ह्या आपल्या कारकिर्दीत येथून राज्य केले. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतून कुशल विणकर आणून येथे वसविले, असे परंपरा सांगते. महेश्वरी साडीच्या काठांवर दिसणारी नक्षी कोठल्या दूरदेशाची नाही. किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवर कोरलेली चटई, विटांची रांग, हिऱ्याची आकृती आणि नर्मदेची लाट हीच त्या काठांवर उतरली आहे. साडी दोन्ही बाजूंनी नेसता यावी अशी काठाची वीण, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य.

पुढे संस्थाने गेली, राजाश्रय संपला आणि यंत्राचे स्वस्त कापड बाजारात आले. महेश्वरचे माग एकामागून एक बंद पडू लागले. विणकरांची मुले दुसरी कामे शोधू लागली. अशा वेळी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर ह्यांनी ‘रेहवा’ नावाची संस्था काढली. रेवा हे नर्मदेचे दुसरे नाव. त्यावरूनच संस्थेचे नाव पडले. त्यांनी स्त्रियांना विणकाम शिकविले. जुनी नक्षी कायम ठेवून रंग आणि सूत ह्यांत नव्या काळाला रुचेल असा बदल केला. साडीबरोबर दुपट्टे आणि सदऱ्याचे कापड विणले जाऊ लागले. हळूहळू इतर विणकरांनीही माग पुन्हा उभे केले. आज महेश्वरच्या गल्ल्यांतून जाताना घराघरातून मागाचा खटखट आवाज कानी येतो. तेथे आता विणकरांच्या मुलांसाठी खास शाळाही आहे. तीत त्यांना नवी रचना करणे, हिशेब ठेवणे आणि ग्राहकांशी व्यवहार करणे शिकवितात. गुजरातमधील कच्छ भागातही कारागिरांना रचनाशास्त्र शिकविणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. रचनाकार शहरातला आणि कारागीर खेड्यातला, असा भेद असलाच पाहिजे असे नाही. विणणारा हातच रचनाही करू लागला, तर त्यासारखे चांगले काय?

तथापि ह्याचा अर्थ हातमाग तेवढा पवित्र आणि यंत्रमाग तेवढा पापी, असा करू नये. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील यंत्रमागांवर मोठ्या संख्येने माणसे पोट भरतात आणि सामान्य कुटुंबाला परवडणारे कापड तेथेच तयार होते. तेथील कामगारालाही योग्य वेतन, मोकळी हवा आणि पुरेशी विश्रांती हवी असते. देशात २०१९-२० मध्ये झालेल्या गणनेत हातमागाशी संबंधित कामगारांची संख्या ३५ लाखांहून अधिक भरली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दोन्ही प्रकारच्या मागांना आपापले स्थान आहे. अडचण येते ती एकाने दुसऱ्याचे सोंग घेतल्यावर.

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण पाहा. खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर आणि वेली विणकर रंगीत धाग्यांच्या लहान लहान कांड्यांनी एकेक ओळ करून विणतो. एका साडीला कित्येक आठवडे, आणि नक्षी भरगच्च असेल तर महिनेही लागतात. यंत्रावर तशीच दिसणारी साडी थोड्या वेळात निघते आणि अर्थातच स्वस्त मिळते. ती ‘यंत्रावरची’ म्हणून विकली तर त्यात काही वावगे नाही. पण तीच ‘हातमागाची पैठणी’ म्हणून विकली, तर ग्राहक तर फसतोच, शिवाय महिनाभर मागावर बसलेल्या विणकराचा घास हिरावला जातो. ह्यासाठीच हातमागाच्या कापडाला २००६ सालापासून सरकारी हातमाग चिन्ह मिळू लागले. परंतु पारख करण्याची एक सोपी रीत घरच्या घरीही आहे. साडीचा पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीमागे बहुधा सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात.

ज्या मुलाला किंवा मुलीला हा व्यवसाय करावासा वाटत असेल, त्याने सुरुवात कोठून करावी? सुरुवात घरापासून करावी. तुटलेले बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, फाटक्या जागी रफू करणे, ही कामे बाराव्या वर्षी सहज शिकता येतात. ज्याने स्वतः एक काज नीट केले आहे, त्याला शंभर काजे करणाऱ्याच्या बोटांची कल्पना येते. चित्रकलेचा सराव ठेवावा. महाराष्ट्रात शाळेत असतानाच देता येणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षा त्यासाठी उपयोगी पडतात. गणिताचा कंटाळा करू नये. वर पाहिलेला कुर्त्याचा हिशेब ज्याला जमत नाही, त्याची नीती कितीही चांगली असली तरी धंदा टिकत नाही. रसायनशास्त्राची तोंडओळख असेल तर रंगांचे गुणदोष कळतात.

बारावीची परीक्षा झाल्यावर ह्या विषयाच्या उच्च शिक्षणाची दारे उघडतात. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालापासून चालू आहे. अहमदाबादची राष्ट्रीय रचनासंस्था १९६१ साली स्थापन झाली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. तिचे एक केंद्र नवी मुंबईत आहे. अशा संस्थांत प्रवेश परीक्षा देऊन जाता येते. परंतु पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपले असे नाही. नव्या रचनाकाराने काही महिने तरी एखाद्या विणकराच्या किंवा रंगाऱ्याच्या गावी राहून काम पाहावे. धोटा हातात घ्यावा. दोरा तुटला की तो कसा सांधतात ते शिकावे. पावसाळ्यात सूत का ताठत नाही, सणाच्या आठवड्यात माग का थांबतो, ह्या गोष्टी कोणत्याही वर्गात कळत नाहीत. त्या कळल्या म्हणजे अशक्य तारखा देण्याचे पाप हातून घडत नाही.

पहिले काम लहान असावे. दहा कुर्ते करावेत, पण प्रत्येकाचा हिशेब स्वच्छ असावा : सूत कोणाचे, रंग कोणता, विणले कोणी, शिवले कोणी, कोणाला किती दिले. ठरलेली रक्कम वेळेवर द्यावी. कारागिराने सुचविलेल्या नक्षीचे श्रेय त्याला द्यावे. ती आपली म्हणून मिरवू नये. विकताना जे खरे असेल तेच सांगावे. ह्या मार्गात अडचणी आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. असा कपडा थोडा महाग पडतो. शेजारचा व्यापारी अर्ध्या किमतीत तसाच दिसणारा माल ठेवतो आणि गिऱ्हाईक तिकडे वळते. सुरुवातीची कित्येक वर्षे मिळकत बेताची राहते. काही जण निराश होऊन हा मार्ग सोडतात. जे टिकतात, ते एका कपड्यावर अधिक नफा घेऊन नव्हे, तर तो कपडा अधिक टिकाऊ करून टिकतात. दोन वर्षे चालणाऱ्या स्वस्त सदऱ्यापेक्षा सहा वर्षे चालणारा थोडा महाग सदरा घेणाऱ्यालाही शेवटी स्वस्तच पडतो.

सर्वच मुले पुढे वस्त्ररचनाकार होणार नाहीत. परंतु कपडे तर सर्वांनाच घालावयाचे आहेत. प्रत्येक कपडा महागच घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. गरिबाला ते शक्यही नाही. मात्र असलेला कपडा जपून वापरणे, उसवला तर शिवणे, लहान झाला तर धाकट्या भावंडाला देणे आणि नवा घेताना ‘हा कोणी केला?’ असे दुकानदाराला विचारणे, एवढे कोणालाही करता येईल. दुकानदाराला कदाचित उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी तेच विचारले तर अकराव्या वेळी तो उत्तर शोधून ठेवील.

पुढच्या दिवाळीला नवा सदरा घरी येईल, तेव्हा तो अंगात घालण्यापूर्वी एकदा उलटा करून पाहावा. आतल्या शिवणी दिसतील. कोणीतरी हजारो टाके घालून त्या सरळ ठेवलेल्या असतील. कापडाची पारख उलट्या बाजूनेच होते, हे येवल्याचा विणकर जाणतो. त्याची पैठणी पुढून जशी, तशीच मागून. वस्त्राच्या व्यवसायातील नीती म्हणजे तरी दुसरे काय? जी बाजू गिऱ्हाइकाला दिसते ती जितकी सुंदर, तितकीच त्याला न दिसणारी बाजू स्वच्छ असावी.